रात्रीची लाईट

माघातल्या रात्री कऱ्हाडहून सांगलीकडं येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसात बॅटऱ्या हिंडताना दिसतात. उजेड दिसतो, माणूस दिसत नाही. एखादा उजेड बराच वेळ एका जागी थांबतो, मग खाली वाकतो. तिथं कुणीतरी खोऱ्यानं एका सरीचं दारं मोडून पाणी दुसऱ्या सरीला लावत असतं. हल्ली बॅटरी हातात नसते, कपाळाला बांधलेली असते. त्यामुळं एसटीच्या आवाजानं त्या माणसानं मान वळवली की आपले डोळे दिपतात. ‘लाईट रात्रीची आहे’ या तीन शब्दांवर इथल्या घरांचा आठवडा ठरतो. कुणी कधी जेवायचं, कुणी दुपारी झोपायचं, लग्नाला कुणी जायचं आणि कुणी मागं राहायचं. शेतीपंपाला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, हा फेरा वर्षानुवर्षं चालू आहे. सौर कृषी वाहिन्या आल्या तशी काही गावांना दिवसाची लाईट मिळू लागली, पण उसातल्या बॅटऱ्या अजून पुरत्या विझलेल्या नाहीत.

आणि जागणारे काही एकटे शेतकरीच नव्हेत. गळीत हंगामात कारखान्यांची तिसरी पाळी चालू असते. गव्हाणीकडं जाणाऱ्या रांगेत ट्रॅक्टरवाले स्टेअरिंगवर डोकं टेकून पेंगत असतात आणि पुढचा ट्रॅक्टर दोन हात सरकला की झोपेतच गिअर टाकतात. मिरज जंक्शनला मध्यरात्री चहाचं पातेलं उकळत असतं. पहाटे दुधाचे टेम्पो निघतात. या भागात जागणं ही कामाची गोष्ट आहे, आणि कामाच्या जागण्याला मान आहे. रात्रभर दारं धरून आलेला माणूस सकाळी नऊला सोप्यात आडवा झाला की घरातली पोरं दबकून वावरतात. बायका भांडीसुद्धा हळू ठेवतात. पण जो रात्रभर गादीवर पडून होता आणि ज्याला झोप लागली नाही, तो सकाळी नऊला आडवा झाला तर? ‘दिवस किती वर आलाय बघा’, हे ऐकूनच त्याला उठावं लागतं.

साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर ज्यांनी अखेरची वर्षं काढली त्या समर्थांनी झोपेवर लिहून ठेवलं आहे. दासबोधाच्या अठराव्या दशकात ‘निद्रानिरूपण’ नावाचा अख्खा समास आहे. रामदास म्हटल्यावर आपण उपदेश ऐकायच्या तयारीनं बसतो आणि हा समास वाचताना हसू फुटतं. जांभया, घोरणं, बरळणं, झोपेनं माणसांची केलेली नाना सोंगं. हे सगळं इतकं बारकाईनं टिपायला हा साधू स्वतः किती रात्री जागा असेल, असं दर वेळी मनात येतं. समासाचा सगळा रोख मात्र झोपेनं व्यापलेल्या माणसावर आहे. झोप हा तिथं पेंगणाऱ्याचा दोष आहे. साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याकडं झोपेचा विचार बहुतेक याच दिशेनं होतो. फार झोपणारा आळशी. न झोपणारा मात्र फार तर कष्टाळू किंवा अभ्यासू.

माझे मामा रात्रीच्या लाईटवरच वाढले. कऱ्हाड तालुक्यात, कृष्णाकाठी, काळ्या रानात त्यांनी उभी हयात पाणी पाजण्यात घालवली. बांधावर घोंगडं टाकायचं, उशाला खोरं घ्यायचं आणि सरी भरेपर्यंत डुलकी काढायची. पाणी सरीच्या टोकाला पोचलं की आपोआप जाग यायची. घड्याळ कधी लावावं लागलं नाही. साप तर नेहमीचेच, गेल्या काही वर्षांत उसात बिबट्याही आला. तरी मामांची डुलकी मोडली नाही. म्हणूनच साठीच्या पुढं एका हिवाळ्यात ते ‘झोप लागत न्हाई’ म्हणाले, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. जन्मभर जागलेला माणूस, त्याला काय त्याचं, असंच सगळ्यांना वाटलं.

खरं तर सुरुवातीची झोप लागायची. बातम्या संपता संपता डोळे मिटायचे. पण तीनला, फार तर सव्वातीनला, टक्क जाग. मग उजाडेपर्यंत आढ्याकडं बघत पडणं. कूस बदलली की जुना पलंग करकरतो आणि मामीची झोपमोड होते, म्हणून कूससुद्धा बदलायची नाही. मामी जागीच असायची. तीही हलायची नाही, कारण ती जागी आहे हे त्यांना कळलं असतं. असे दोघं शेजारी शेजारी झोपेचं सोंग घेऊन पडलेले. सकाळी समोर ठेवलेल्या चहावर साय धरायची, तरी कप उचलला जायचा नाही. दुपार ढकलत ढकलत जायची. दिवेलागणीला मात्र मामा जरासे हलायचे, म्हशीनं दूध किती दिलं ते विचारायचे. ‘संध्याकाळी माणसात असत्यात, सकाळी नसत्यात,’ असं मामी म्हणायची. तिच्या या एका वाक्यात किती नेमकं निदान होतं ते आम्हांला नंतर कळलं.

नैराश्य हा शब्द त्या घरात कुणाच्या तोंडी नव्हता. मामांचे स्वतःचे शब्द तीनच होते: ‘गोड लागत न्हाई.’ ते जेवणाबद्दल बोलत नव्हते. नातवाचा फोन, नवं खोंड, वैशाखातली जत्रा, काहीच गोड लागत नव्हतं. लोकांनी कारण शोधायला सुरुवात केली. उसाचं बिल वेळेवर आलेलं, सोसायटीचं कर्ज फिटलेलं, मुलगा पुण्यात नोकरीला. कशाची ददात नाही, मग झालं काय? कारण सापडेना तसे लोक मामांवरच थोडे थोडे रागावू लागले. दुधात जायफळ झालं, खसखस झाली, तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासून झाली. कुणी अंगारा आणून दिला. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण उठताना सांगून जायचा, ‘लई विचार करू नका.’ मामा विचार करत नव्हते, विचार येत होते. पहाटे तीनचे विचार दुपारी तीनच्या विचारांसारखे नसतात. कोण्या जुन्या दुष्काळात विकलेला बैल यायचा. धाकट्या बहिणीच्या लग्नात कमी पडलेलं मानपान यायचं. दिवसा ज्याच्याकडं ढुंकून बघणार नाही अशी एखादी गोष्ट छातीवर बसायची आणि उजाडेपर्यंत उठायची नाही.

शेवटी त्यांना मिरजेला आणलं. दुखणं घेऊन मिरजेला जायचं ही या मुलखाची जुनी वाट. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९०च्या दशकात तिथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून अथणी, जतपासून कऱ्हाड, साताऱ्यापर्यंतची माणसं पिशवीत कागद घेऊन तिथं उतरत आली आहेत. मनोविकारतज्ज्ञाच्या बाकड्यावर बसल्यावर मला एक गंमत दिसली. तिथं कुणीच आजाराचं नाव घेत नव्हतं. ‘कशासाठी आलाय?’ याला सगळ्यांचं उत्तर एकच, ‘झोपंचं दाखवायला.’ मन दुखतंय असं म्हणायला आपल्याकडं जीभ रेटत नाही. झोप लागत नाही हे मात्र चारचौघांत सांगता येतं, त्यात लाज नाही. या एका तक्रारीच्या आडून केवढी दुःखं दवाखान्याची पायरी चढत असतील! आणि झोपेची गोळी घेऊन तशीच परत उतरतही असतील.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, ‘कधीपासून?’ मग एकेक निघत गेलं. जाग किती वाजता येते, जाग आल्यावर काय करता, सकाळी जड वाटतं की संध्याकाळी. इतक्या महिन्यांत मामांना सगळ्यांनी सांगितलं होतं, विचारलं कुणीच नव्हतं. ते बोलत राहिले. मधेच डॉक्टरांनी त्याच सुरात विचारलं, ‘जगू नये असं वाटतं का?’ मामीच्या हातातली पिशवीची चुळबुळ थांबली. मामांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, ‘तीन-चारच्या दरम्यान वाटतं.’ निघताना डॉक्टरांनी मामीला बाजूला घेऊन तणनाशक आणि औषधांचे डबे कुलपात ठेवायला सांगितले, किल्लीसुद्धा तिच्याकडंच ठेवायला सांगितली. त्या रात्री गोठ्याच्या माळ्यावरून सगळे डबे खाली काढून पत्र्याच्या पेटीत भरले. त्यातल्या एकाचं बूच सैल होतं, त्याचा वास पुढं दोन दिवस हाताला येत होता. कपाटाच्या आतल्या बाजूला मामीनं टेलिमानसचा १४४१६ हा नंबर खडूनं लिहिला. २०२२ साली सरकारनं सुरू केलेली ही सेवा रात्रंदिवस चालते, हे तिला दवाखान्यातल्या भिंतीवरून कळलं होतं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी पुढं थोडं वाचून ताडून पाहिलं. पूर्वी निद्रानाश हे नैराश्याचं नुसतं लक्षण मानत, ताप आला की अंग तापतं तसं. आता तो रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो हे ध्यानात आलं आहे. मन खचलं की झोप मोडते, आणि महिनोन् महिने झोप मोडत राहिली की धडधाकट माणसाचंही मन खचायचा संभव वाढतो. पहाटे फार लवकर जाग येणं आणि सकाळी सगळ्यात जड वाटणं ही खोल नैराश्याची जुनी खूण आहे. अशा माणसाच्या झोपेची घडीच विसकटलेली असते. गाढ झोप कमी होते आणि स्वप्नांची झोप रात्रीच्या सुरुवातीलाच लवकर येऊन धडकते. म्हणजे माणूस सात तास गादीवर दिसतो, पण विसावा पोचत नाही. मामांना हे लगेच पटलं. म्हणाले, ‘उंदरानं बिळं पाडलेला पाट. मोटर रातभर चालू, आन् शेवटची सरी कोरडी.’ डॉक्टरांनी मान डोलावली. हे वाक्य त्यांनी पुढं कुणाला ऐकवलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

पण झोपेची आणि मनाची गोष्ट इतकी सरळ असती तर लिहायला मी बसलेच नसते.

औषध सुरू होण्याआधीची गोष्ट. कार्तिकी एकादशीचा जागर होता. मामांना गावातल्या भजनी मंडळानं जवळजवळ ओढूनच देवळात नेलं. टाळ हातात दिला. बारा वाजले, दोन वाजले, त्यांची ती तीनची वेळ आली आणि गेली. पखवाज चालू होता, मधे कुणीतरी सुंठीचा चहा आणला. उजाडताना काकडा झाला. घरी आले ते चालत, ताठ, आणि आल्या आल्या म्हणाले, ‘भाकरी हाय का गं?’ मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभर मामा कितीतरी महिन्यांनी मामांसारखे होते. दुपारी जरा कलंडले, तासाभरानं उठले, आणि उठले ते पहिल्यासारखेच. सगळं परत. घरातल्यांना वाटलं, देवानं दिलं आणि काढून घेतलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मला कळलं की वैद्यकाला ही गोष्ट ठाऊक आहे. जर्मनीत ट्युबिंगेनच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९७०च्या आसपास हिचा रीतसर अभ्यास सुरू केला. नैराश्यातला माणूस एक अख्खी रात्र जागा ठेवला, तर सुमारे निम्म्या जणांचं मन दुसऱ्या दिवशी आश्चर्य वाटावं इतकं हलकं होतं. आणि पुन्हा झोप झाली, कधी कधी तर नुसती डुलकी लागली, की बहुतेकांचा तो हलकेपणा निघून जातो. जी झोप मोडल्यामुळं माणूस खचतो, तीच एक रात्र पुरती काढून घेतली तर तो वर येतो. असं का, याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. काही ठिकाणी डॉक्टर औषधांच्या आणि प्रकाशाच्या जोडीनं हा उपाय देखरेखीखाली वापरतात. घरी कुणी करून बघू नये, कारण ज्यांचं मन दुसऱ्या टोकाला, उन्मादाकडं झुकतं, त्यांना एका जागरणानंही भलतंच चढू शकतं. मामांना त्या रात्री देवळानं बरं केलं की नुसत्या जागण्यानं, हे मला सांगता येणार नाही. मामीपुढं मी हा विषय काढलेला नाही.

मला मात्र त्या रात्रीतली माणसं विसरता येत नाहीत. तीन वाजता डोळे उघडे असलेले ते एकटे नव्हते. आपल्याकडं जागण्याला सोबतीची केवढी सोय करून ठेवलेली आहे! गोंधळ, जागर, भजन. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं रंगतं, आणि चिंचेच्या झाडाखाली बसलेल्यांत रागदारीतलं ओ की ठो न कळणारेही असतात. संकटातसुद्धा सोबत मिळते. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा भूकंप झाला, पहाटे सव्वाचार वाजून गेले होते. मामा तेव्हा सहा-सात वर्षांचे. पुढं कित्येक दिवस अख्खं गाव खळ्यावर झोपलं. थंडी मरणाची, पण कडब्याच्या गंजीआड सगळ्या घरांच्या वाकळा एकमेकींना लागून पसरलेल्या. जमीन हलली की कुणीतरी ओरडायचं आणि सगळे एकदम उठून बसायचे. त्या दिवसांची आठवण मामा भीतीनं सांगत नाहीत. जवळजवळ सुट्टीची सांगावी तशी सांगतात.

सांगलीत आम्ही २०१९च्या ऑगस्टात असेच जागलो. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ‘किती झालं?’ हा एकच प्रश्न रात्रभर जिन्यांतून, गच्च्यांवरून, फोनवरून फिरत होता. समोरच्या इमारतीतल्या, वर्षानुवर्षं नुसती मान हलवून ओळख दाखवणाऱ्या बाईंशी मी पहाटे दोनला गच्चीवरून ओरडून बोलले. पाणी उतरलं, चिखल काढला, भिंती रंगवल्या. पण आजही श्रावणात रात्री सर कोसळली की आमच्या गल्लीत एकेका घरात दिवा लागतो. प्रत्येक जण आपापल्या खिडकीशी येतो, ओरडून मात्र आता कुणी विचारत नाही. तेव्हाचं जागणं गावाचं होतं, हे ज्याचं त्याचं झालं. पुरानं नेलेल्या वस्तूंचे पंचनामे झाले. या झोपेचा पंचनामा कुठल्या तलाठ्यानं करायचा?

मामांचं औषध लागू पडायला काही आठवडे गेले. हे औषध झोपेची गोळी नव्हे, लगेच गुण येणार नाही, हे आधीच सांगितलेलं होतं. तरी मामी रोज सकाळी त्यांच्या तोंडाकडं बघायची. औषधाइतकंच घरात गाजलं ते डॉक्टरांचं दुसरं सांगणं: झोप मोडली तर पलंगावर पडून राहायचं नाही. उठायचं, बाहेर यायचं, दिवसा लोळायचं नाही, आणि उजाडलं की उन्हात चालायचं. मामीला हे मुळीच पटलं नाही. डोळे मिटून पडलं तर निदान अंगाला आराम, असं तिचं म्हणणं. पण मामा उठू लागले. अंगावर घोंगडं घेऊन रस्त्याकडेच्या पारावर जाऊन बसू लागले.

आणि तिथं त्यांना भरतीची पोरं भेटली. सातारा-सांगलीत पहाटे साडेचारला कुठल्याही रस्त्यावर ती दिसतात. अर्धी चड्डी, कानाला रुमाल, तोंडातून वाफ. पोलीस नाहीतर मिलिटरी. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, घरटी सैन्यात माणूस म्हणून त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. त्या हवेत वाढलेली ही पोरं. सोळाशे मीटरची वेळ लावायला त्यांना कुणीतरी माणूस हवा होता, आणि पारावर एक म्हातारा रोज आयता जागा. त्यांनी मोबाईल मामांच्या हातात दिला आणि बटण कुठलं दाबायचं ते दाखवलं. आठवड्याभरात मामांनी किराणा दुकानातून लाल पुठ्ठ्याची वही आणली. नाव, तारीख, मिनिटं, सेकंद. कोण पाच सेकंदांनी सुधारला, कुणाची टाच दुखते. मोबाईल हातात घट्ट धरून ठेवायचे, पोरगं वळणावर दिसलं की उठून उभे राहायचे.

मामा बरे झाले असं मी लिहिणार नाही. अजून गोळी आहे, अजून काही सकाळी चहावर साय धरते. पण जाग येण्याची वेळ हळूहळू पुढं सरकली आणि आता जाग बहुधा चार वाजता येते, म्हणजे पोरांच्या आधी थोडीच. कधी कधी पोरं आधी येऊन दारात हाक मारतात, तेव्हा मामीला होणारा आनंद काही औरच.

गेल्या दिवाळीत मी गेले होते तेव्हा पोरांशी मामांचं वाजलेलं होतं. नवी पोरं रात्री एकपर्यंत मोबाईल बघतात आणि साडेचारला पळायला येतात, पाय कसे चालणार, असं मामांचं म्हणणं. ‘रातभर अभ्यासिकेत बसतोय म्हणून सांगतात. झोप मोडायची ही कसली फुशारकी?’ ते एखाद्या मास्तरासारखे तापले होते. त्यातला एक मुलगा दोन वेळा भरतीत काही गुणांनी राहिलेला, तिशीकडं झुकलेला. वयाची अट संपत आलेली. तो बाकीच्यांबरोबर हसला नाही. पोरं पळायला गेली तरी तो पारावरच बुटाची नाडी सोडत-बांधत बसला. मग खाली बघतच म्हणाला, ‘आप्पा, मी मोबाईल बघत न्हाई. झोपच येत न्हाई मला.’

मी मामांकडं पाहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकलेलं ते वाक्य आता त्यांच्याही तोंडून निघेल असं मला वाटलं. त्यांनी हातातलं घड्याळ थांबवलं, त्याला बसायला जागा करून दिली आणि विचारलं,

‘कवापास्नं?’